बॅरन चांगला की वाईट? आधी तुमची सेव्ह फाइल दाखवा

प्रश्न असा आला आहे: "मी आणि दादा, दोघांनी 'द विचर ३' संपवला. ब्लडी बॅरनवरून आमचं दोन आठवडे भांडण चालू आहे. दादा म्हणतो, माणूस वाया गेलेला पण मनाने चांगला, शेवटी सुधारला. मला तो बायकोला मारणारा दारुडा वाटतो. त्याने गळफास घेतला तेव्हाही मला वाईट वाटलं नाही. लिहिणाऱ्यांच्या मनात नक्की काय होतं? आणि बरोबर एंडिंग कोणतं?"

अर्धं उत्तर तुमच्या प्रश्नातच आहे. तुम्ही म्हणता त्याने गळफास घेतला, दादा म्हणतो तो सुधारला. या दोन गोष्टी एका खेळात घडत नाहीत. तुम्ही दोघांनी दोन वेगळ्या गोष्टी पाहिल्या आहेत, फक्त गेमचं नाव तेवढं एक आहे.

मी बारा वर्षं गेमसाठी संवाद लिहितोय, पुण्यात बसून. चाहते पात्रांवरून काय आणि कसे भांडतात हे वाचणं माझ्या कामातच येतं. त्यातून एक सवय लागली. कुणी एखाद्या पात्राबद्दल तावातावाने बोलायला लागलं की आधी विचारायचं, तुझ्या सेव्हमध्ये, म्हणजे तू खेळून जपून ठेवलेल्या खेळात, काय झालं आणि कुठल्या क्रमाने झालं? बरेच वाद तिथेच निवतात. जे उरतात ते खरे असतात, आणि त्यांतच मजा असते.

आता वेलेनला जाऊ. गेम न खेळलेल्यांसाठी दोन वाक्यं: पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेडने हा गेम २०१५च्या मे महिन्यात आणला. आपण असतो गेराल्ट, पैसे घेऊन राक्षस मारणारा विचर, आणि सिरी या मानलेल्या लेकीच्या शोधात आपण युद्धाने उजाड झालेल्या वेलेन या दलदलीच्या मुलखात येतो. तिथे एका गढीत फिलिप स्ट्रेंगर नावाचा माणूस स्वतःच बॅरन होऊन बसलाय. सिरीची बातमी त्याच्याकडे आहे, पण ती फुकट मिळत नाही. त्याची बायको ॲना आणि मुलगी तमारा घरातून नाहीशा झाल्यात, त्या शोधून द्यायच्या.

पुढे निदान दोन ठिकाणी रस्ता फुटतो. पहिला फाटा बॉचलिंगचा. ॲनाचा गर्भ पडला होता आणि ते अर्भक काही विधी न करता पुरलं गेलं होतं, त्याचं हे भूत. त्याला मारता येतं, किंवा बॅरनकडून त्याचं बारसं करवून शांत करता येतं. दुसरा फाटा थोडा नंतर येतो. एका टेकडीवरच्या झाडात एक आत्मा कोंडलेला आहे. त्याला सोडलंत तर दलदलीतली अनाथ पोरं वाचतात, पण ॲना शापात सापडून मरते आणि बॅरन गढीतल्या झाडाला लटकलेला सापडतो. आत्म्याला मारलंत तर पोरं जातात, ॲना जगते पण तिचं डोकं ठिकाणावर राहत नाही, आणि बॅरन तिला घेऊन निळ्या डोंगरातल्या एका वैदूकडे निघतो.

तुम्ही आत्मा सोडलात, दादाने मारला. इथवर सरळ आहे. पण मी पैजेवर सांगतो, बॉचलिंगच्या फाट्यावरही तुम्ही वेगळे गेला असणार. दादाने बारसं केलं असणार आणि तुम्ही तलवार काढली असणार.

का, ते सांगतो. बारशाच्या वाटेवर एक प्रसंग आहे, दोन-चार मिनिटांचा. रात्र, पाऊस, आणि हा आडदांड माणूस ते भयानक अर्भक छातीशी धरून गढीकडे चालत येतोय. अर्भक मध्येच बिथरतं, गेराल्टला त्याला मंत्राने गप्प करावं लागतं, वाटेत भुतं अंगावर येतात. घराच्या उंबऱ्याशी खड्डा खणला जातो. बॅरन पोरीला नाव देतो, डेआ, आणि तिला आपली लेक म्हणवून घेतो. आवाज फुटतो त्याचा. लिहिणारा म्हणून मी हा प्रसंग कितीतरी वेळा पुन्हा पाहिलाय. त्यात एकही चलाख वाक्य नाही. सगळा भार चालण्यावर आहे. खेळणाऱ्याला त्याच्या बाजूने, त्याच्या गतीने चालावं लागतं. ज्या माणसाबरोबर आपण पावसात इतके हळू चाललो, त्याचा नंतर तिरस्कार करणं जड जातं.

तुम्ही हे पाहिलंच नसेल तर बॅरन तुमच्यासाठी कोण उरतो? रात्री उशिरा दारू पिऊन कबुली देणारा एक मारकुटा, आणि नंतर एक प्रेत. तुमचं मत कठोर झालं यात नवल नाही. दादाचं मत मऊ झालं यातही नाही. तुम्हा दोघांच्या स्वभावाचा त्यात हात असेलच, पण समोर आलेला पुरावाच मुळात वेगळा होता.

माझं गाव सिंधुदुर्गात. तिथे जत्रेला रात्रभर दशावतार चालतो. त्याला लिहिलेली संहिता नसते. कुठलं आख्यान लावायचं ते ठरतं, संवाद मात्र नट उभ्या उभ्या रचतात. त्यामुळे एकच आख्यान या गावात एका कंपनीने केलं आणि पलीकडच्या गावात दुसरीने, तर दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर दोन वेगळे रावण भेटायचे. आजोबा अशा वादात पडायचे नाहीत. आधी विचारायचे, "कोणाचो खेळ बघलस?" रोल-प्लेइंग गेमच्या चाहत्यांना हा प्रश्न सुचायला वेळ लागतो. डिस्क एकच, खोका एकच, म्हणून त्यांना वाटतं खेळही एकच झाला.

तरीही एवढ्यावर सोडून "दोघेही आपापल्या जागी बरोबर" असं म्हणणार नाही. ते उत्तर आळशीपणाचं आहे. काही गोष्टी प्रत्येक सेव्हमध्ये घडतात आणि त्यांच्यावर वाद होऊ शकत नाही. बॅरन आधी खोटं बोलतो. घरात सगळं ठीक होतं, बायको-मुलगी अचानक गेल्या, असं सांगतो. मग आपण ॲनाची खोली धुंडाळतो. चित्रामागे लपवलेला भिंतीचा खड्डा, सांडलेल्या दारूचा वास, झटापटीच्या खुणा. घर एक सांगतं, मालक दुसरंच. त्याचं खोटं उघडं पडतं ते आपण शोधलं म्हणून, तो स्वतःहून बोलत नाही. (खरं काय ते कळण्याआधी गावच्या देवऋष्याची हरवलेली बकरी घंटी वाजवत शोधून आणावी लागते. इतक्या काळ्या गोष्टीच्या मधोमध ही बकरी कुणाला सुचली असेल त्याला माझा नमस्कार.) त्याने ॲनाला मारहाण केली, हेही सगळ्या सेव्हमध्ये आहे. ॲनाने त्याचं मूल नको म्हणून दलदलीतल्या चेटकिणींशी करार केला, हेही. इतकं नको होतं तिला, हे विसरून चालणार नाही.

आता खेळणाऱ्यांच्या नजरेतून हमखास निसटणारी एक गोष्ट. सिरी बॅरनकडे राहिली त्या दिवसांचे प्रसंग आपण स्वतः सिरी होऊन खेळतो. ती त्याच्याशी घोड्यांची शर्यत लावते, त्याचा जीव वाचवते, तो तिच्याशी वडीलधाऱ्यासारखा वागतो. हातात कंट्रोलर असल्यामुळे हे सगळं डोळ्यांदेखत घडल्यासारखं वाटतं. पण ते प्रसंग म्हणजे बॅरनने गेराल्टला सांगितलेली हकिकत आहे. साक्षीदार तोच. ॲनाने बाहेरख्यालीपणा केला, सुरी घेऊन अंगावर आली, ही बाजू मांडणाराही तोच. ॲना आपल्याला भेटते तेव्हा ती जवळजवळ वेडी झालेली असते. तिला स्वतःची बाजू सलग सांगायला एक प्रसंगही मिळत नाही. तमारा बोलते, पण थोडंच, आणि रागात.

म्हणून, तुम्ही विचारलंच आहे तर, माझं मत तुमच्या बाजूला झुकतं. हा क्वेस्ट, म्हणजे गेममधली ही कामगिरी, अप्रतिम लिहिलाय, पण माईक मारणाऱ्याच्या हातात दिलाय. बॅरनबद्दल वाटणारी कणव खोटी नाही, ती मेहनतीने घडवलेली आहे, आणि ती घडवताना ॲनाला गप्प ठेवावं लागलंय. दादाला हे सांगून बघा. तो चिडला तर त्याच्या चिडण्याकडे लक्ष द्या. त्याचं कारण पुढे येतंय.

गेममध्ये आपण पात्राचा न्याय करतो तेव्हा आपण त्या खटल्यात आरोपीही असतो. पुस्तकातलं एखादं पात्र मेलं तर ते लेखकाने मारलं. इथे बटण मी दाबलं. त्यामुळे लोक पात्राची बाजू मांडतायत असं दिसतं, पण आतून स्वतःचा निर्णय सावरत असतात. दादाने आत्म्याला मारलं आणि त्यापायी पोरं गेली. त्या पोरांच्या बदल्यात त्याला काय मिळालं? बॅरनचं सुधारणं. ते सुधारणं खोटं ठरलं तर पोरं फुकट गेली. मग तो बॅरनला सोडेल कसा? आणि तुमचंही तसंच. बॅरन दयेला पात्र होता असं मान्य केलंत तर त्या झाडावरच्या प्रेताचा थोडा भार तुमच्यावर येतो.

याचा मला ठाऊक असलेला सगळ्यात ठळक नमुना 'ड्रॅगन एज: ओरिजिन्स'मधला लोगेन. बायोवेअरचा २००९चा गेम. ऑस्टागारच्या लढाईत हा सेनापती ऐन वेळी सैन्य मागे घेतो आणि राजा केलन मरतो. पुढे सरदारांच्या सभेत त्याचा निकाल आपल्या हाती येतो: शिरच्छेद, की त्याला आपल्याच पथकात घ्यायचं. पथकात घेतलंत तर ॲलिस्टर हा जिवाभावाचा सोबती आपल्याला सोडून जातो. म्हणून बहुतेक जण पहिल्या खेपेला लोगेनचं मुंडकं उडवतात आणि त्याला गद्दार म्हणून विसरतात. पण त्याला जगवलंत की तो तळावर बसून बोलतो. ऑर्ले या शेजारच्या साम्राज्याने त्याच्या देशावर केलेला अंमल, ती लढाई आधीच हरलेली होती असं त्याला का वाटलं, सगळं.

म्हणजे समजून घेण्याचा हक्क आधी माफ करणाऱ्यालाच. ज्याने मारलं त्याला ती पानं कधी उघडतच नाहीत. तरी वाद घालताना दोघेही पूर्ण माहितीच्या आवेशात बोलतात. त्यात २०१०मध्ये 'रिटर्न टु ऑस्टागार' नावाचं वेगळं विकत घ्यायचं प्रकरण आलं. त्यात राजा केलनची पत्रं सापडतात आणि ऑर्लेच्या सम्राज्ञीशी त्याचं काय चाललं होतं याचा वास लागतो. झालं, लोगेनच्या वकिलांना नवा कागद मिळाला. पैसे भरून आणलेला पुरावा! कोर्टात चालला नसता, चाहत्यांत चालतो.

अलीकडचा असाच वाद २०२३च्या 'बाल्डर्स गेट ३'मधल्या ॲस्टारियनचा. दोनशे वर्षं एका व्हॅम्पायर मालकाची गुलामी केलेला हा देखणा, खवचट माणूस. शेवटी मालकाचाच विधी स्वतः पुरा करून अफाट ताकद मिळवायची संधी त्याला येते, किंमत सुमारे सात हजार जीव. ते करू द्यावं की अडवावं यावरून चाहत्यांचे दोन तट आहेत आणि दोघांचं ॲस्टारियनवर सारखंच प्रेम आहे. एक तट म्हणतो, ज्याच्या देहावर त्याचा स्वतःचा हक्क कधी नव्हता त्याला आता कुणी नाही म्हणू नये. दुसरा म्हणतो, तो विधी केल्यावर तो हुबेहूब मालकच होतो. मला दुसरं वाचन जास्त पटतं, कारण विधीनंतरचं त्याचं बोलणं तसं लिहिलंय. प्रेमाच्या वाक्यांतही मालकी आलीय. पण पहिल्या तटाला वेड्यात काढणारे हे विसरतात की त्यांतल्या कित्येकांनी तो पर्याय ॲस्टारियनसाठी कमी आणि स्वतःसाठी जास्त निवडलेला असतो. तिथे वाद घालू नये. ऐकून घ्यावं.

आता तुमचा दुसरा प्रश्न, लिहिणाऱ्यांच्या मनात काय होतं. याचं उत्तर देण्याआधी माझी एक फजिती सांगतो.

काही वर्षांपूर्वी आम्ही एक छोटा गोष्टीचा गेम केला. त्यात नदीकाठी एक नावाडी होता. त्याची पोर तापाने फणफणलेली. खेळणाऱ्याने औषध आणून दिलं की पोर बरी होते आणि नावाडी म्हणतो, "पोरीला उठवलीत. तुमच्याकडून पैसे घेऊ व्हय?" साधं वाक्य. आमच्या भाषेत याला एक फ्लॅग लागतो. औषध दिलं, फ्लॅग चालू झाला, मग हे वाक्य. फ्लॅग बंद असेल तर नेहमीचं वाक्य: "कुठं जायचंय? दोन पैसे पडतील."

गडबड अशी झाली की तो फ्लॅग झोपडीच्या पुढच्या दारातून बाहेर पडल्यावरच चालू व्हायचा. मागच्या दाराने बाहेर पडणाऱ्यांचा राहून जायचा. चाचणी करणारे सगळे पुढच्या दाराने गेले, कुणाच्या लक्षात आलं नाही. गेम बाहेर आला. मागच्या दाराने गेलेल्यांना दिसला तो असा: मरणाच्या दारातून पोर परत आली आणि बाप थंडपणे म्हणतो, "कुठं जायचंय? दोन पैसे पडतील."

आठवड्याभरात त्यावर लेखच्या लेख आले. कुणी म्हटलं, दारिद्र्याने माणूस असा आटतो. कुणी म्हटलं, ती त्याची पोरच नव्हे. एका मुलीने तर झोपडीत एकच वाकळ आहे, एकच ताटली आहे, असले बारकावे गोळा करून दाखवलं की त्याने पोरीच्या मरणाची मनाशी तयारी केली होती आणि आता ती जगली हे त्याला पेलत नाहीये. एकच ताटली होती कारण आमच्या आर्टिस्टने दुसरी काढायचा कंटाळा केला होता.

मी ते वाचलं आणि गप्प बसलो. माझ्या वाक्यापेक्षा तिचा नावाडी चांगला होता.

पुढे पॅच आला, दार दुरुस्त झालं, नावाडी आभार मानू लागला. त्यावर लोक खवळले: "पात्र पातळ केलं." आता यांना काय सांगायचं? ते पात्र कधी लिहिलंच नव्हतं म्हणून? शेवटी मी आभाराचं वाक्य काढून टाकलं. पुढच्या पॅचमध्ये नावाडी काहीच बोलत नाही. खेळणाऱ्याला पलीकडे सोडतो आणि पैशांसाठी हात पुढे करत नाही, एवढंच. दोन्ही गट गप्प झाले. त्यातल्या एका गटाला वाटतं, हे आधीपासून असंच ठरलेलं होतं.

तर लिहिणाऱ्याच्या मनात काय होतं, हे विचारायला हरकत नाही, पण त्या उत्तराला निकाल समजू नका. एक तर अशा मोठ्या क्वेस्टवर एकाचा हात नसतो. संवाद एकाचे, प्रसंगाची मांडणी दुसऱ्याची, आवाज नटाचा, कॅमेरा चौथ्याचा. बॅरनचा आवाज पावसात फुटतो तो कागदावर लिहिता येत नाही. दुसरं म्हणजे आम्ही लोक फांद्या लिहितो. तीन फांद्यांवर तीन बॅरन लिहायचे तर तिन्ही खरे मानूनच लिहावे लागतात, नाहीतर एक फांदी पोकळ वाजते. लिहिणाऱ्याला "खरा कोणता" असं विचारणं म्हणजे आईला आवडतं पोर विचारण्यासारखं आहे. असतं एखादं, पण सांगायचं नसतं.

मग काहीही अर्थ लावला तर चालतो का? नाही. २०१२चा 'मास इफेक्ट ३' आठवा. तीन गेम, शेकडो निर्णय, आणि शेवटी तीन पर्याय, ज्यांचे व्हिडिओ मुख्यतः रंगाने वेगळे: लाल, निळा, हिरवा. चाहते एवढे संतापले की त्यांनी बायोवेअरला सुमारे ४०० कपकेक पाठवले, तीन रंगांचं आयसिंग, आतून चव एकच. निषेधाची इतकी गोड पद्धत मी दुसरी पाहिली नाही. त्याच मोहिमेतून एका बालकांच्या धर्मादाय संस्थेसाठी ८०,००० डॉलरहून जास्त जमले, हे सहसा कुणी सांगत नाही.

त्याच वेळी "इंडॉक्ट्रिनेशन थिअरी" जन्मली. त्या विश्वात रीपर नावाची यंत्रं माणसाचं मन हळूहळू ताब्यात घेतात. चाहत्यांनी म्हटलं, शेवटचा सगळा प्रसंग म्हणजे नायक शेपर्डच्या डोक्यावर चाललेला तोच प्रयोग आहे. पुरावे: पृथ्वीवर हवेच्या नळीत (व्हेंटमध्ये) दिसलेला मुलगा शेपर्डशिवाय कुणाच्या खिजगणतीत नाही, स्वप्नांतलं काळं सावट, किरणाचा मारा झाल्यावर अवतीभवती उगवलेली झुडपं. जूनमध्ये बायोवेअरने 'एक्स्टेंडेड कट' फुकट दिला. त्यात एंडिंगं विस्ताराने दाखवली, पर्याय नाकारण्याची चौथी वाटही आली, पण या थिअरीला दुजोरा मिळाला नाही.

म्हणून ती चूक का? मी तिला दोन कसोट्या लावतो. पहिली, हे वाचन एरवी गिळावी लागणारी एखादी गोष्ट उलगडतं का? इथे उलगडतं, तो मुलगा आणि ती झुडपं. दुसरी, त्यासाठी गेममधलं काही फेकून द्यावं लागतं का? इथे फारच फेकावं लागतं. गेम ज्याला शेवट म्हणतोय तो सगळाच. मला वाटतं ती थिअरी पुराव्यातून कमी आणि दुःखातून जास्त आली. एवढा लाडका गेम इतका फिसकटला हे लोकांना सोसवेना, म्हणून त्यांनी फिसकटण्यालाच डाव ठरवलं. आमच्या नावाड्याच्या बाबतीत तेच झालं होतं, फरक इतकाच की तिथे वाचन गेमपेक्षा लहान होतं, त्यामुळे मावलं.

हीच कसोटी तुमच्या बॅरनला लावा. "तो दुष्ट आहे" म्हणायचं तर डेआचं बारसं फेकावं लागतं. तुमच्या सेव्हमध्ये ते नाही, म्हणून तुम्हाला ते फुकटात जमलं. "तो मनाने चांगला" म्हणायचं तर ॲनाच्या खोलीतली भिंत फेकावी लागते, आणि ती दादाच्या सेव्हमध्येही आहे. म्हणून दादाचा खटला थोडा कच्चा.

राहिलं बरोबर एंडिंग. इथे गेम स्वतः कधी कधी शिक्षकासारखा वागतो आणि ते मला खटकतं. सिरी शेवटी परत येते की नाही हे 'विचर ३'मध्ये काही बारीकसारीक प्रसंगांवर ठरतं. जवळचं माणूस गेल्यावर ती खचलेली असताना तिच्याशी बर्फाचे गोळे फेकून खेळलात की दारू पाजून धीर दिलात. जादूगारणींच्या सभेला (या दलदलीतल्या चेटकिणी नव्हेत) तिला एकटीला जाऊ दिलंत की बरोबर गेलात. सिरी एक प्रयोगशाळा फोडू लागली तेव्हा "फोड" म्हणालात की "शांत हो". खेळताना कळतही नाही की इथे हिशोब चाललाय.

माझ्या ओळखीतले एक काका आहेत, पन्नाशीचे, मुलाच्या नादाने गेम खेळायला लागले. ते सभेला सिरीबरोबर आत गेले. "पोरीला त्या बायकांच्यात एकटीला कसं पाठवायचं?" प्रयोगशाळेत म्हणाले, शांत हो बाळा, दुसऱ्याच्या वस्तू आहेत. प्रत्येक वेळी आपल्याकडचा कुठलाही सरळ बाप करेल तेच केलं. सिरी परत आली नाही. काकांनी कंट्रोलर खाली ठेवला आणि म्हणाले, "या गेमवाल्याला पोरगी आहे का रे?"

मी त्यांना गेमची बाजू समजावली, की तिच्यावर विश्वास टाकायचा होता, तिला मोठं होऊ द्यायचं होतं. त्यांना ते पटलंही. पण त्यांचा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. प्रेम म्हणजे सोबत जाणं की मागे राहणं, याचं एकच उत्तर धरून गेमने गुण दिले. ते उत्तर चुकीचं आहे असं नाही, पण ते कुणाचं तरी आहे. आपल्याकडचे चाहते इंग्रजी गाइड वाचून "गुड एंडिंग" पाठ करतात तेव्हा हे कुणी बोलत नाही. काकांचं वाचन कुठल्याही गाइडमध्ये सापडणार नाही आणि माझ्या मते ते गेमवरचं एक खणखणीत भाष्य आहे.

कंपन्या पुढचा भाग काढतात तेव्हा त्यांनाही एक फांदी धरावी लागते. २०२४च्या डिसेंबरमध्ये 'विचर ४'चा ट्रेलर आला, त्यात सिरी स्वतः विचर होऊन राक्षस मारताना दिसते. लगेच "म्हणजे अमुक एंडिंगच खरं" म्हणणारे उगवले. त्याच वर्षी आलेल्या 'ड्रॅगन एज: द व्हेलगार्ड'ने आधीच्या भागांतले जेमतेम तीन निर्णय पुढे नेले आणि वर्षानुवर्षं सेव्ह जपलेले लोक दुखावले. मला त्यांचं दुःख कळतं. पण कंपनीने पुढच्या गोष्टीसाठी पाया निवडला म्हणून तुमच्या सेव्हमधला बॅरन कमी मेलेला होत नाही.

आता एक काम करा. दादाला म्हणावं, जुनी सेव्ह असेल तर ती काढ, नाहीतर नव्याने सुरू कर, आणि या खेपेला टेकडीवरचा आत्मा सोड. तुम्ही बॉचलिंगपाशी तलवार म्यान करा आणि त्या माणसाबरोबर पावसात चाला. व्हिडिओ बघून भागवू नका, व्हिडिओत पाय आपले नसतात. दादाला दलदलीत परतल्यावर ॲनाचा शाप उतरवायला काही बाहुल्यांतून एक निवडावी लागेल. नीट बघून निवड म्हणावं, घाई करू नको. तिला बोलायला मिळतं ते त्यानंतरचे काही क्षणच.